तेरा, चौदा, पंधरा : बोस्टन ब्रुइन्सच्या २०१५ च्या ड्राफ्टचं प्रकरण

बर्फावरच्या हॉकीत फसलेल्या ड्राफ्टचा, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीचा, विषय निघाला की बोस्टन ब्रुइन्सचं नाव हमखास येतं. २०१५ साली या संघाने १३, १४ आणि १५ अशा लागोपाठ तीन क्रमांकांवर तीन पोरं घेतली : याकुब झ्बोरिल, जेक डेब्रस्क आणि झॅक सेनिशिन. त्याच्या पुढचे तीन क्रमांक तीन वेगळ्या संघांकडे होते. त्यांनी घेतले मॅथ्यू बारझल, काइल कॉनर आणि थॉमस शाबॉट. ब्रुइन्सच्या तिघांपैकी एकटा डेब्रस्क टिकला. पलीकडचे तिघेही आपापल्या संघाचे आधारस्तंभ झाले.

किस्सा खरा आहे, पण इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्यातले बारकावे पार गळून पडलेत. बोस्टनच्या चाहत्यांसाठी ती तीन नावं म्हणजे एकच शिवी झाली आहे. माझ्या मते या तीन निवडींचे निकाल तीन वेगळे लागतात. त्यातली एक निवड चांगली होती, एक तेव्हा योग्य असूनही फळली नाही आणि एक मुळातच चुकीची होती. सगळ्यात महागडी चूक तर तिघांची नावं पुकारली जाण्याआधी, त्याच दिवशी होऊन गेली होती.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची, धनराज पिल्लेची हॉकी डोळ्यांसमोर येते, म्हणून ड्राफ्टबद्दल थोडं सांगतो. अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, दर जूनमध्ये साधारण अठरा वर्षांच्या मुलांची सात फेऱ्यांत निवड होते. आयपीएलसारखी बोली नसते. कच्च्या संघांना आधी पाळी मिळते. अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे त्या मुलाचे हक्क जातात. मुलगा लगेच खेळायला येत नाही. तो ज्युनियर लीगमध्ये किंवा कॉलेजात परत जातो, मग दुय्यम संघात घाम गाळतो, आणि दोन ते पाच वर्षांनी जमलं तर वर येतो. निवडीचा क्रमांक हे चलनही असतं. संघ तो विकतात, विकत घेतात, तीन वर्षं पुढचा क्रमांकसुद्धा गहाण टाकतात.

सदतीस दिवसांचा कारभारी

ब्रुइन्स हा त्या काळात काही रडतखडत चालणारा संघ नव्हता. २०११ साली त्यांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला, २०१३ साली पुन्हा अंतिम फेरी गाठली, २०१३-१४ च्या हंगामात तर साखळीत सगळ्यांत जास्त गुण त्यांचेच. २०१४-१५ मध्ये ९६ गुण मिळवूनही ते थोडक्यात बाद फेरीला मुकले आणि एप्रिलमध्ये जनरल मॅनेजर पीटर चियारेलींना नारळ मिळाला. २० मे रोजी डॉन स्वीनी त्या खुर्चीत बसले. ड्राफ्ट होता २६ जूनला, फ्लोरिडातल्या सनराइज शहरात. हातात सदतीस दिवस.

स्वीनी म्हणजे ब्रुइन्सचाच माणूस. बचावपटू म्हणून ते या संघाकडून हजाराहून जास्त सामने खेळले, आणि १९८४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर लागला होता आठव्या फेरीत, १६६ वा. म्हणजे स्काउटांचे, म्हणजे मुलं हेरणाऱ्या पारख्यांचे, अंदाज किती चुकतात याचा दाखलाच त्या खुर्चीत बसला होता.

त्यांच्या पुढ्यात पैशाचा पेच होता. एनएचएलमध्ये संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा असते, आणि आधीच्या कारभाऱ्याने ती काठोकाठ भरून ठेवली होती. अशात डगी हॅमिल्टनचा करार संपला. बावीस वर्षांचा उजव्या हाताचा बचावपटू, आदल्या हंगामात ७२ सामन्यांत ४२ गुण. (हॉकीत गोल आणि गोलला हातभार, म्हणजे असिस्ट, यांची बेरीज म्हणजे गुण.) अशी पोरं बाजारात मिळत नाहीत, ती ड्राफ्टमधून आणून वाढवावी लागतात. बोस्टनने त्याला २०११ साली नवव्या क्रमांकावर घेतलं होतं, आणि तो क्रमांकही फिल केसल हा खेळाडू टोरांटोला देऊन मिळवलेला.

२६ जूनला स्वीनींनी हॅमिल्टन कॅल्गरीला दिला. बदल्यात खेळणारा एकही माणूस आला नाही. आले ते १५ वा, ४५ वा आणि ५२ वा असे तीन क्रमांक. त्याच दिवशी दांडगा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) मिलान लुचिच लॉस एंजेलिसला गेला आणि त्याच्या बदल्यात १३ वा क्रमांक, गोलरक्षक मार्टिन जोन्स आणि बचावपटू कॉलिन मिलर असा ऐवज आला. १४ वा क्रमांक घरचाच होता. असे तीन क्रमांक ओळीत जमले.

एवढे क्रमांक गोळा करण्यामागे बेत होता तो वर सरकण्याचा. मॅसॅच्युसेट्सचाच बचावपटू नोआ हॅनिफिन त्यांना हवा होता आणि त्यासाठी ते वरच्या संघांच्या मिनतवाऱ्या करताहेत, अशा बातम्या त्या दिवशी सगळीकडे होत्या. कुणी जागा सोडली नाही. हॅनिफिन पाचव्या क्रमांकावर कॅरोलायनाकडे गेला. आता हॅमिल्टनही नाही, हॅनिफिनही नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत तीन नावं पुकारायची आहेत. मूळ बेत फसला तर दुसरा काय, याचं उत्तर त्या टेबलावर नीट तयार होतं असं पुढच्या घडामोडींवरून वाटत नाही.

झ्बोरिल : निवड बरोबर, फळ नाही

तेराव्या क्रमांकावर घेतलेला याकुब झ्बोरिल हा चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचा डावखुरा बचावपटू. कॅनडातल्या क्यूबेक ज्युनियर लीगमध्ये सेंट जॉन सी डॉग्ज संघाकडून खेळायचा. आणि गंमत अशी की अठराव्या क्रमांकावर ऑटवाने घेतलेला थॉमस शाबॉटही त्याच संघाचा, त्याच जागेवरचा, डावखुराच. म्हणजे स्काउट एकाच बाकावर बसून, एकाच संध्याकाळी दोघांनाही पाहत होते. इतकी स्वच्छ तुलना करण्याची संधी ड्राफ्टमध्ये फार क्वचित मिळते.

त्या हंगामात झ्बोरिलचे ४४ सामन्यांत ३३ गुण होते, शाबॉटचे ६६ सामन्यांत ४१. सामन्यामागे पाहिलं तर झ्बोरिल सरस. शिवाय तो अंगावर जाऊन खेळणारा होता. त्या दिवशी मी त्या टेबलावर असतो तर मीही बहुधा झ्बोरिलच म्हटलं असतं. जे लोक आज "शाबॉट समोर होता, तरी घेतला नाही" म्हणून कपाळ बडवतात, ते कॉनर आणि बारझलच्या बाबतीत आकड्यांचा आधार घेतात आणि इथे मात्र आकडे सोयीने विसरतात.

पुढच्या दोन वर्षांत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शाबॉट २०१७ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅनडा ती अंतिम लढत हरूनही मान त्याला मिळाला. झ्बोरिलचा आलेख वर चढलाच नाही. प्रॉव्हिडन्सच्या दुय्यम संघात तो वर्षानुवर्षं राहिला, २०२०-२१ मध्ये कुठे बोस्टनकडून नियमित उतरला, आणि पुढच्याच हंगामात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. एनएचएलमध्ये त्याचे शंभर सामनेही झाले नाहीत. पुढे तो मायदेशी परतला.

इथे चूक हुडकायचीच तर ती निवडीत कमी आणि नंतरच्या जोपासनेत जास्त सापडेल. पण तेही मी ठामपणे म्हणणार नाही. अठराव्या वर्षी पुढे असलेला मुलगा विसाव्या वर्षी मागे पडतो, हे या धंद्यात रोज घडतं.

डेब्रस्क : ज्याला उगाच त्या ओळीत बसवलं

जेक डेब्रस्कबद्दल मला थोडं चिडूनच लिहावंसं वाटतं. वडील लुई डेब्रस्क एनएचएलमध्ये खेळलेले. पोराने स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजकडून ७२ सामन्यांत ४२ गोल आणि ८१ गुण केले होते, आणि पहिल्या फेरीच्या मध्यावर त्याचं नाव येणार हे कुणालाच आश्चर्याचं नव्हतं. बोस्टनने त्याला २०१७ साली वर आणलं. पहिल्याच हंगामाअखेर टोरांटोविरुद्धच्या बाद फेरीतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात त्याने दोन गोल मारले. पुढच्या वर्षी २७ गोल आणि थेट स्टॅन्ली कपची अंतिम फेरी. मधे प्रशिक्षकाशी पटेना, तेव्हा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या एजंटने दुसरीकडे पाठवा म्हणून जाहीर मागणी केली. प्रशिक्षक बदलले आणि ती मागणी मागे घेतली गेली. २०२३ च्या पहिल्या आठवड्यात फेनवे पार्कच्या उघड्या मैदानावर पिट्सबर्गविरुद्ध बोस्टन २-१ ने जिंकलं, ते दोन्ही गोल डेब्रस्कचे. साडेचारशेहून जास्त सामने बोस्टनकडून खेळून २०२४ साली तो व्हँकूव्हरला गेला.

चौदाव्या क्रमांकाकडून याहून जास्त काय मागणार? त्याच्यामागे दोनच जागांनी बारझल आणि तीन जागांनी कॉनर होता, एवढाच त्याचा गुन्हा. ड्राफ्टमधल्या निवडीची तुलना तिच्यानंतरच्या सर्वोत्तम निवडीशी करायची म्हटली तर जगातला प्रत्येक संघ दर वर्षी नापास होईल. त्याच २०१५ साली किरिल काप्रिझोव १३५ व्या क्रमांकापर्यंत कुणीच उचलला नव्हता. आज तो मिनेसोटाचा सगळ्यात मोठा खेळाडू आहे. (जाता जाता : तो १३५ वा क्रमांक मुळात बोस्टनच्याच वाट्याचा होता, तो आधीच मिनेसोटाकडे गेलेला. आणि सहाव्या फेरीत बोस्टनने १६५ व्या क्रमांकावर कॅमेरॉन ह्यूजला घेतलं, त्याच्या पाठोपाठ १६६ व्यावर कॅल्गरीने घेतलेला अँड्र्यू मँजिआपानी पुढे एका हंगामात ३५ गोल मारून गेला. पण सहाव्या फेरीतल्या चुकीवर कुणी चर्चा करत नाही, ते बरंच आहे.)

सेनिशिन : इथे मात्र बचाव नाही

पंधरावा क्रमांक म्हणजे हॅमिल्टनची किंमत. त्यावर बोस्टनने पुकारलं झॅक सेनिशिनचं नाव, आणि सभागृहात बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. लीगच्या स्वतःच्या स्काउटिंग विभागाने उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या यादीत त्याला ३८ वा ठेवला होता. त्यात युरोपातल्या मुलांची आणि गोलरक्षकांची यादी वेगळी, म्हणजे सगळे एकत्र केले तर तो आणखी खाली जातो.

बोस्टनला त्याच्यात काय दिसलं हे समजून घेतलं पाहिजे, कारण ते अगदीच मूर्खपणाचं नव्हतं. सेनिशिन उंच होता आणि बर्फावर सुसाट धावायचा. सू सेंट मरीचा त्याचा संघ त्या वर्षी इतका भरलेला होता की त्याला तिसऱ्या फळीत, थोडक्या मिनिटांत खेळावं लागे. तरी त्याने २६ गोल केले. युक्तिवाद असा, की याला पूर्ण मिनिटं मिळाली तर हा फुटेल. आणि पुढच्या हंगामात तो खरंच फुटला! २०१५-१६ मध्ये ४५ गोल, त्यापुढच्या वर्षी ४२. त्या दोन वर्षांत बोस्टनचे लोक ताठ मानेने म्हणू शकत होते की बघा, आम्हाला दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही.

मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच वाटते. ४५ गोलांच्या त्या हंगामात त्याचे असिस्ट होते फक्त २०. ज्युनियर लीगमध्ये वेगवान, दणकट मुलगा बचावपटूच्या बाहेरून वळसा घालून गोलपर्यंत पोहोचतो, कारण समोरचा बचावपटू सतरा वर्षांचा असतो आणि त्याला वळायला वेळ लागतो. व्यावसायिक लीगमध्ये तो वळसा बंद होतो. समोरचा माणूस तितकाच वेगात मागे सरकतो, कडेला दाबतो, आणि मग पक (हॉकीतली रबरी चकती) कुणाला द्यायची हे अर्ध्या सेकंदात सुचावं लागतं. ज्याचे गोल भरपूर आणि असिस्ट जेमतेम, त्याला ते सुचतं का, ही शंका तिथेच यायला हवी होती. प्रॉव्हिडन्सला पहिल्या हंगामात सेनिशिनचे गोल ४५ वरून १२ वर आले, दुसऱ्या हंगामात १४. बोस्टनकडून तो जेमतेम चौदा सामने खेळला, आणि २०२२ साली ऑटवाला गेला.

आता बारझलचा कागद शेजारी ठेवा. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचे बरेच सामने बुडाले होते, म्हणून तो खाली घसरला. पण खेळलेल्या ४४ सामन्यांत ५७ गुण, आणि त्यातले ४५ असिस्ट. बुडालेले सामने सगळ्यांना दिसले. ४५ असिस्टही सगळ्यांच्याच कागदावर होते.

कॉनरचं कारण वेगळं. तो अमेरिकेतल्या यूएसएचएलमध्ये खेळायचा, आणि ती लीग कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनियर लीगांपेक्षा हलकी समजली जाई. त्याच्या ५६ सामन्यांतल्या ८० गुणांकडे लोक जरा संशयाने बघत. सीबीएसईचे आणि एसएससीचे टक्के एकाच तराजूत घालू नयेत, तसंच हे. लीगप्रमाणे आकडे कमी-जास्त करूनच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी संघांकडे गुणकही असतात. पण कितीही कापले तरी सामन्यामागे १.४३ गुण करणारा मुलगा ०.६८ वाल्या सेनिशिनच्या खाली कसा जाईल? डेब्रस्कचा आकडा १.१३ येतो. पहिल्या फेरीत त्याच पट्ट्यात गेलेले ब्रॉक बेसर आणि ट्रॅव्हिस कोनेक्नी दोघेही एकच्या वर होते. सेनिशिन एकटाच त्या गटात बसत नव्हता. पुढच्याच वर्षी कॉनरने मिशिगन विद्यापीठाकडून ३८ सामन्यांत ७१ गुण करून कॉलेज हॉकीत पहिला नंबर काढला, आणि यूएसएचएलबद्दलची ती शंका मिटली.

आणखी एक गोष्ट. समजा सेनिशिनवर बोस्टनचा खरोखरच जीव जडला होता. तरीही त्यांच्याकडे ३७ वा, ४५ वा आणि ५२ वा असे दुसऱ्या फेरीतले तीन क्रमांक होते. ज्याला बाकीचे ३८ च्या आसपास मोजताहेत त्याच्यासाठी पंधरावा क्रमांक खर्च करायचा, म्हणजे आवडीची किंमत मोजताना बाजारभाव विचारायचाच नाही. फार तर तो कुणीतरी आधी उचलला असता. तो धोका पत्करण्याजोगा होता. म्हणूनच या निवडीला मी चुकीची म्हणतो, आणि त्याने पुढे ४० गोल मारले असते तरी म्हटलं असतं.

तेच टेबल, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी त्याच स्काउटांनी ३७ व्या क्रमांकावर ब्रँडन कार्लो घेतला. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची, आकडे बेताचे. गुणांची भाषा इथे उपयोगाची नव्हती, कारण कार्लोचं काम गोल अडवण्याचं. पुढच्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी वर येऊन तो हंगामातले सगळे ८२ सामने खेळला, आणि बोस्टनकडून पाचशेहून अधिक. ५२ व्या क्रमांकाचा जेरेमी लोझॉन एनएचएलचा पक्का खेळाडू झाला. ७५ व्याचा डॅनियल व्लादार गोलरक्षक म्हणून अजून खेळतोय. ४५ व्याचा जेकब फोर्सबाका कार्लसन मात्र चालला नाही.

एका ड्राफ्टमधून चार-पाच मुलं एनएचएलमध्ये स्थिरावणं हा उत्तम निकाल असतो. २०१५ च्या बोस्टनला संख्येने कमी पडलं नाही. कमी पडलं ते शिखर. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तारे खच्चून भरले होते, आणि बोस्टनने मजबूत विटा गोळा केल्या.

दुसऱ्या संघांकडे पाहिलं की हसूही येतं. बारझल गेला तो सोळावा क्रमांक त्या सकाळपर्यंत एडमंटनकडे होता, आणि एडमंटनचे नवे जनरल मॅनेजर कोण? बोस्टनने दोन महिन्यांपूर्वी घरी पाठवलेले पीटर चियारेली. त्यांनी सोळावा आणि ३३ वा क्रमांक न्यूयॉर्क आयलंडर्सला देऊन ग्रिफिन राइनहार्ट हा बचावपटू घेतला. राइनहार्ट एडमंटनकडून तीस सामनेही खेळला नाही. बारझल २०१८ साली ८५ गुणांसह वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला. म्हणजे जुना कारभारी आणि नवा कारभारी, दोघांच्याही हातातून तोच मुलगा गेला, एकाच संध्याकाळी.

वंशावळ मांडली तर

ड्राफ्टचा हिशेब नावानावाने करण्यापेक्षा मी सौद्यांची वंशावळ मांडतो, कारण क्रमांक आकाशातून पडत नाहीत.

लुचिचच्या सौद्यात झ्बोरिल वाया गेला हे खरं. पण त्यातल्याच मार्टिन जोन्सला बोस्टनने चार दिवसांत सॅन होजेला दिलं आणि बदल्यात शॉन कुराली व २०१६ ची पहिल्या फेरीची निवड घेतली. कुराली २०१९ च्या अंतिम फेरीपर्यंत चौथ्या फळीचा कणा होता. ती निवड म्हणजे ट्रेंट फ्रेडरिक, जो २०२५ पर्यंत संघात राहिला. लुचिच लॉस एंजेलिसला एकच हंगाम थांबला. एवढं पाहिलं तर तो सौदा बोस्टनने जिंकला, आणि दणदणीत जिंकला.

हॅमिल्टनच्या झाडाला काय लागलं? सेनिशिन, फोर्सबाका कार्लसन, लोझॉन. तिघांतला कामाचा लोझॉन २०२१ साली सिअॅटलच्या नव्या संघाने नियमानुसार फुकटात उचलला. झाड तिथे संपलं. हॅमिल्टन मात्र कॅल्गरी, कॅरोलायना आणि न्यू जर्सीत पहिल्या प्रतीचा बचावपटू म्हणून खेळत राहिला. बावीस वर्षांचा तयार बचावपटू देऊन अठरा वर्षांची तीन लॉटरीची तिकिटं घेणं, आणि तेही ड्राफ्टच्याच दिवशी, जेव्हा घेणाऱ्याला घाई असल्याचं सगळ्या सभागृहाला माहीत आहे : त्या दिवशीचं खरं नुकसान हे. सेनिशिनऐवजी बारझल घेतला असता तर हे झाकलं गेलं असतं, इतकंच.

स्काउटांवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही ते यासाठीही, की जवळपास त्याच मंडळींनी आदल्या वर्षी २५ व्या क्रमांकावर डेव्हिड पास्त्रनाक घेतला होता आणि पुढच्या वर्षी १४ व्यावर चार्ली मॅकव्हॉय. एकाने एका हंगामात ६१ गोल मारले, दुसरा संघाचा पहिला बचावपटू झाला. आंधळ्यांचं टेबल असं निवडत नाही.

बिल मात्र उशिरा आलं. पात्रिस बर्जेरॉन आणि डेव्हिड क्रेयची हे दोन सेंटर, म्हणजे मधले आक्रमक, असेपर्यंत भोक दिसलं नाही. २०२२-२३ मध्ये तर बोस्टनने ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला, आणि पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून सात सामन्यांत हरले. त्या उन्हाळ्यात दोघेही निवृत्त झाले. मागे घरचा सेंटर कुणी नव्हता. बारझल सेंटर आहे, हे त्या वेळी बोस्टनमध्ये बऱ्याच जणांना आठवलं. आणि नवा आणायचा तर ड्राफ्टची तिजोरीही रिकामी : २०१८, २०२०, २०२२ आणि २०२३ या चार वर्षांत बोस्टनने पहिल्या फेरीत एकही नाव पुकारलं नव्हतं, ते क्रमांक कप जिंकण्याच्या आशेने खर्च झाले होते. २०२४-२५ मध्ये संघ ७६ गुणांवर कोसळला. मार्च २०२५ मध्ये कार्लो टोरांटोला गेला, कर्णधार ब्रॅड मार्शांड फ्लोरिडाला, फ्रेडरिक एडमंटनला.

त्या पडझडीच्या आगेमागे जे हाती आलं, त्यात दोन मुलं मला या प्रकरणाच्या चष्म्यातून पाहावीशी वाटतात. २०२५ साली सातव्या क्रमांकावर घेतलेला जेम्स हेगन्स हा छोट्या चणीचा सेंटर. वर्षभर आधी त्याचं नाव अगदी वरच्या क्रमांकासाठी घेतलं जात होतं. बोस्टन कॉलेजात पहिल्या वर्षी ३७ सामन्यांत ३७ गुण, त्यातले २६ असिस्ट, आणि तरी तो खाली घसरला. २०१५ च्या बारझलसारखाच कागद, फक्त या वेळी बोस्टनने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. दुसरा डीन लेटूर्नो, २०२४ चा २५ वा. सहा फूट सात इंच उंची, खासगी शाळेच्या हॉकीत गोलांचा पाऊस, आणि बोस्टन कॉलेजात पहिल्या वर्षी शून्य गोल, तीन असिस्ट. त्या शून्यावरून त्याला मोडीत काढणं म्हणजे सेनिशिनच्या ४५ वरून हुरळून जाण्यासारखंच, फक्त दिशा उलटी. हेगन्सबद्दल दोन-तीन हंगामांत कळेल. लेटूर्नोचा कागद मी २०३० च्या आधी बंद करणार नाही, आणि तोवर त्याच्या गोलांपेक्षा कडेला दाबला गेल्यावर तो पक कुठे पाठवतो हे पाहीन.